डोंगरी किल्ले पडले, मालेगाव लढलं
(लासलगाव येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



लासलगावच्या उत्तरेला डोंगरांची जी रांग दिसते, ती सातमाळा. अंकाई, चांदवड, इंद्राई, राजधेर, धोडप असे किल्ले तिच्यावर एकामागून एक उभे आहेत. अलीकडे गोदावरीचं खोरं, पलीकडे गिरणेचं. खानदेशातून नाशिककडे येणाऱ्या फौजेला ही रांग ओलांडावीच लागे आणि सोयीची वाट चांदवडची. आपले कांद्याचे ट्रक आजही तिथूनच मालेगावला जातात. वाट ज्याच्या हाती, जकात त्याच्या हाती. म्हणून शाहजहानच्या सरदारांनी हे किल्ले घेतले, पुढे मराठ्यांनी घेतले, चांदवड होळकरांकडे गेलं.

एप्रिल १८१८ मध्ये कर्नल मॅकडॉवेलची इंग्रज फौज आली. राजधेरवर आग लागली, शिबंदी पळाली. मग आसपासचे किल्ले जवळजवळ न लढताच पडले. एवढे उंच कडे, पण वर लढायला मनं उरली नव्हती!

अडलं ते मालेगावला. तो भुईकोट, मोसम नदीकाठी सपाटीवर. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी तो १७४० च्या सुमारास बांधला. आत होते पगारी अरब शिपाई, काही शेकडाच. वेढा मेच्या मध्याला पडला. ३ जूनला खुद्द बाजीराव शरण गेले, तरी मालेगाव लढतच होतं. अखेर दारूकोठार उडालं, तट ढासळला आणि १३ जूनला किल्ला पडला. इंग्रजांकडची दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली.

आता काहीजण या अरबांना स्वातंत्र्यवीर करतात, काहीजण परके लुटारू. मला दोन्ही पटत नाही. ते नोकरीपेशाचे शिपाई होते. शेवटी तर राजेबहादुरांचाही त्यांच्यावर ताबा उरला नव्हता. ब्राह्मण सरदाराच्या किल्ल्यात मुसलमान शिपाई, आणि बाहेर इंग्रजांच्या बाजूनेही मद्रासचे देशी शिपाई, त्यांत हिंदूही आणि मुसलमानही. या लढाईत धर्माची रेघ कुठे ओढणार?

मालेगावचे मुसलमान याच अरबांचे वंशज, असंही कुणी सांगेल. शरण आलेल्या अरबांना सुरतेमार्गे मायदेशी पाठवण्यात आलं. मालेगावातली बहुतेक विणकर कुटुंबं नंतर उत्तर हिंदुस्तानातून आली, हातमाग घेऊन.