चिखलाने राखलेली अमानत

(काटेवाडी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मक्याचा पाला बांधावर पडून राहिला, तर तो कुजून मातीला मिळतो. त्याच मक्याची कुट्टी खड्ड्यात दाबून भरली आणि हवा आत जाऊ दिली नाही, तर तिचा मुरघास होतो व जनावरांना महिनोन् महिने पुरतो. मका तोच, फरक फक्त हवेचा. कुजवणाऱ्या बऱ्याच सूक्ष्म जीवांना हवा लागते; ती तोडली की त्यांचे काम मंदावते. जीवाश्मांची गोष्ट येथूनच सुरू होते.

मेलेला प्राणी उघड्यावर पडला, तर कोल्ही-कुत्री, किडे आणि जिवाणू त्याचे काही शिल्लक ठेवीत नाहीत. तेच बरे, नाहीतर नव्या पिकाला खत कोठून मिळाले असते? परंतु एखादा जीव तळ्याच्या किंवा नदीच्या गाळात लवकर गाडला गेला, तर चित्र बदलते. मांस बहुधा जातेच. हाड, शिंपला, लाकूड असे टणक भाग मागे राहतात. त्यांवर गाळाचे थर चढतात, खनिजे विरघळलेले पाणी आत झिरपते आणि लाखो वर्षांत त्यांचा दगड होतो. जीव दगड कसे होतात, या प्रश्नाचा विचार इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या ‘किताबुश्शिफा’ या ग्रंथात केला होता, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

आता कोणी विचारील, आपल्या पायाखाली तर काळा कातळ, तो लाव्हारसाचा. त्यात जीव कसा टिकेल? शंका रास्त आहे. पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा एकदम आला नाही, थराथराने आला. दोन थरांमधल्या काळात तळी साचली, झाडे वाढली. मुंबईच्या वरळी टेकडीवर अशाच तळ्याच्या गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी 1847 साली त्यांचे वर्णन केले.

याहून नवल चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याचे. तेथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा मिळते. शास्त्रज्ञांनी ती तपासली, तेव्हा तीत गवताच्या पेशींत साठलेले वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण आढळले. हे कण कुजत नाहीत. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते, असा समज तोवर रूढ होता. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने तो खोडून काढला. आपला ऊस, ज्वारी, बाजरी ही सारी गवतेच. म्हणजे ज्या कुळावर आपली चूल पेटते, त्याचा जुना दाखला शेणासारख्या वस्तूने जपून ठेवला! कोणतीही वस्तू क्षुद्र समजू नये, ती यासाठी.

पालकांनो, आपल्याकडे विहिरी खणल्या जातात, नाले खोल केले जातात. दगडात पांढरे स्फटिक दिसतील. ते जीवाश्म नव्हेत. दगडावरची झाडासारखी काळी नक्षीही बहुधा खनिजाचीच असते. मात्र नदीकाठच्या जुन्या गाळात दगडासारखे जड हाड किंवा दात दिसला, तर तो फोडू नका, घासू नका, विकू नका. जागा, खोली आणि मातीचा थर वहीत लिहा, फोटो घ्या आणि शाळेतील विज्ञान शिक्षकांना कळवा. जागेची नोंद हरवलेला जीवाश्म म्हणजे पान फाटलेले खातेपुस्तक. त्यातून हिशेब लागत नाही.

सृष्टीकडे डोळे उघडून पाहा, असे आपला धर्म वारंवार सांगतो. आपल्या मुला-मुलींनी खिशात दगड घालून घरी आणले, तर रागावू नका. कोठे मिळाला, एवढे त्यांना विचारा. चिखलाने कोट्यवधी वर्षे सांभाळलेली अमानत आपल्या एका कुदळीने नष्ट होऊ नये, एवढीच विनंती.

खुदा हाफिज.