निकालात निघालेली मोटार

नागपूरहून निघालेला हमरस्ता भंडारा, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई ही गावे मागे टाकीत टाटीबंधच्या चौकात रायपूर शहराला येऊन भिडतो. नागपूर आणि रायपूर यांचे नाते जुने आहे. १८५४ पर्यंत दोन्ही ठिकाणी भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे १९५६ पर्यंत रायपूरची सरकारी कागदपत्रे नागपूर या राजधानीकडेच जात असत. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळात आजही मराठी बोल ऐकू येतात, ते या जुन्या संबंधामुळेच. या रस्त्याने माणसे आली, माल आला, आणि अलीकडच्या काळात जुन्या मोटारीही येऊ लागल्या. १ नोव्हेंबर २००० रोजी निर्माण झालेल्या छत्तीसगड राज्याच्या सीमा सात राज्यांना लागून आहेत. तेव्हा रायपुरात विक्रीला उभी असलेली जुनी मोटार कोणत्या गावची, तिने कोणता पूर पाहिला आणि ती कोणत्या खांबावर आदळली, हे तिच्या चकाकत्या रंगावरून ओळखणे फार कठीण असते.

जुनी मोटार घेण्यात कमीपणा मुळीच नाही. मध्यम स्थितीतील कुटुंबाच्या दृष्टीने तो पुष्कळदा शहाणपणाचाच व्यवहार ठरतो. प्रश्न निराळ्याच मोटारीचा आहे. एखादी मोटार विमा कंपनीने हिशेब करून निकालात काढलेली असते. मालकाला तिची पूर्ण भरपाई मिळालेली असते. आणि तरीही काही महिन्यांनी तीच मोटार नवा रंग लेवून, नवी गादी अंथरून, एखाद्या भोळ्या गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी असते. विम्याच्या परिभाषेत हिला ‘टोटल लॉस’ झालेली गाडी म्हणतात.

हा निकाल लागतो तरी कसा? विमा उतरविताना मोटारीची एक किंमत ठरवून पॉलिसीत लिहिली जाते. तिचा आधार म्हणजे कारखानदाराची विक्रीची किंमत. तीतून वयाप्रमाणे घसारा वजा होतो. पहिल्या सहा महिन्यांत तो ५ टक्के असतो, आणि चार वर्षे उलटून पाचवे संपेपर्यंत ५० टक्क्यांवर जातो. दुरुस्तीचा खर्च या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होणार असे दिसले, की गाडी दुरुस्त करण्यात अर्थ नाही असे मानून ती पूर्ण नुकसानीत जमा केली जाते. म्हणजे हा निर्णय लोखंडाच्या प्रकृतीवर जितका अवलंबून असतो, तितकाच तो अंकगणितावरही असतो.

या अंकगणितातच घेणाऱ्यासाठी एक महत्त्वाची खूण दडलेली आहे. समजा, एका मोटारीची नवी किंमत ८ लाख रुपये आहे. पहिल्या सहा महिन्यांत तिची विम्याची किंमत ७ लाख ६० हजार धरली जाईल, आणि ती निकालात निघायला ५ लाख ७० हजारांहून अधिक खर्चाचा आघात व्हावा लागेल. तीच गाडी पाचव्या वर्षात असेल, तर विम्याची किंमत ४ लाखांवर येते आणि ३ लाखांच्या पलीकडे खर्च गेला की तिचा निकाल लागतो. अधिकृत कार्यशाळेत, सर्व भाग नवे घालायचे ठरविले, तर ३ लाखांचा आकडा गाठायला फार मोठा अपघात लागत नाही. सारांश असा, की जुनी होऊन निकालात निघालेली गाडी कदाचित सुधारण्याजोगी असेल. परंतु वर्षाच्या आतच जी निकालात निघाली, तिला काय भोगावे लागले असेल याची कल्पना केलेली बरी. दलाल मात्र नेमकी ही दुसरी गाडीच ‘जवळजवळ नवी’ म्हणून पुढे करतो.

निकाल लागल्यावर सांगाडा लिलावात जातो. घेणारा तो स्वस्तात घेतो, अधिकृत कार्यशाळेच्या वाटेला न जाता जुन्या बाजारातील दरवाजे, दिवे, बॉनेट जमवितो, वाकलेला सांगाडा ओढून सरळ करतो, वर लांबी भरतो आणि रंगाचा हात फिरवितो. अलीकडच्या मोटारींचे पुढचे भाग आघात झाल्यास ठरलेल्या रीतीने चुरगळावेत आणि आतल्या माणसाला धक्का कमी पोहोचावा, अशा हिशेबाने बनविलेले असतात. त्यांतील काही पट्ट्यांचे पोलाद खास बळकट केलेले असते. ते आगीने तापवून सरळ केले की दिसायला सरळ होते, पण त्याचे बळ जाते. अशी गाडी शंभर वेळा राजनांदगावला सुखरूप जाऊन येईल. तिची परीक्षा एकदाच होते, आणि त्या वेळी आत कोण बसले आहे हे गाडी पाहत नाही.

पुरातील गाडीची गोष्ट आणखी फसवी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, २०१५ च्या अखेरीस मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, पाण्याखाली गेले. अशा वेळी रस्त्यावरच्या आणि तळघरांतल्या असंख्य मोटारी बुडतात. त्यांच्या पत्र्याला पोचाही पडलेला नसतो. परंतु पाणी तारांच्या जोडांत शिरते, गाळ गालिच्याखाली बसतो, आणि गंज सावकाश आपले काम करीत राहतो. घेतल्यानंतर चार-सहा महिन्यांनी एके रात्री दिवे अचानक मालवतात, तेव्हा विकणाऱ्याचा दूरध्वनीही बहुधा मालवलेला असतो.

महाराष्ट्रातील एक प्रकरण या संदर्भात आठवण्यासारखे आहे. २०१९ च्या पावसाळ्यात पाण्याने खराब झालेल्या एका कारखान्याच्या सुमारे चारशे नव्या मोटारी भंगार म्हणून विकण्यात आल्या होत्या. त्या मोडून टाकावयाच्या होत्या. प्रत्यक्षात अनेक गाड्यांवर चॅसिसचे बनावट क्रमांक घालून, निरनिराळ्या राज्यांत त्यांची नोंदणी करून, त्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारल्या गेल्या. २०२१ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी हा प्रकार उघडकीस आणला आणि दीडशेच्या आसपास गाड्या जप्त केल्या. पैसे मोजून ज्यांनी त्या घेतल्या, त्यांच्या दारातून त्या गेल्या.

याच्या उलट जातीचाही एक व्यापार आहे. त्यात भंगारातील गाडीला काडीची किंमत नसते. किंमत असते ती तिच्या नोंदणीपुस्तकाला आणि क्रमांकाला. त्याच रंगाची, त्याच बनावटीची गाडी कोठूनतरी चोरायची आणि मेलेल्या गाडीचे नाव तिला द्यायचे. आर. टी. ओ. कचेरीत चौकशी केली तर कागद अगदी खरा निघतो, कारण तो खराच असतो. खोटी असते ती गाडी. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे चोराकडून घेणाऱ्याला चोराहून अधिक चांगला हक्क मिळत नाही. विकणाऱ्याकडून पैसे परत मागण्याचा अधिकार त्याच कायद्याने दिला आहे खरा, पण त्यासाठी विकणारा सापडावा लागतो.

येथे कोणीही विचारील, की गाडी एकदा निकालात निघाली, तर तिच्या नोंदणीपुस्तकावर तसा शिक्का का असू नये? प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांचे वर्ग पाडलेले आहेत. कोणती सबंध चिरडायची, कोणतीचे केवळ सुटे भाग वापरायचे, कोणतीच्या सांगाड्याला इजा झाली आहे आणि कोणतीच्या नाही, हे २०१७ पासूनच्या चार वर्गांवरून कळते. अमेरिकेतील राज्यांत मालकीच्या कागदावरच तशी नोंद होते. आणि २००५ मधील कतरिना वादळानंतर एका राज्यातील नोंद दुसऱ्या राज्यात धुऊन काढण्याची युक्तीही तेथे बरीच गाजली. लबाडी काही एकाच देशाची मिरास नव्हे! आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमात एवढे सांगितले आहे, की वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निरुपयोगी झाले, तर मालकाने ते १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवावे, म्हणजे नोंदणी रद्द होईल. कायद्याला वाहनाचा जन्म ठाऊक आहे आणि मृत्यूही ठाऊक आहे. परंतु विमा कंपनीच्या हिशेबी मेलेले आणि मिस्त्रीच्या हिशेबी जिवंत, अशा त्रिशंकू वाहनासाठी नोंदणीपुस्तकात वेगळा रकाना नाही.

आणि तरीही न्यायालय विश्वास ठेवते ते याच पुस्तकावर. रायपूरशी निगडित असा एक खटला १८ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. रायपुरात अमोनियम नायट्रेट भरून धनबादकडे निघालेला एक ट्रक नोव्हेंबर २०११ मध्ये झारखंडात अपघातात सापडला. नोंदणीकृत मालकाने भरपाई मागितली. विमा कंपनीने दाखवून दिले, की या गृहस्थाने २००८ मध्येच तो ट्रक दुसऱ्याला विकण्याचा करार केला होता. मग भरपाई कसली? छत्तीसगडच्या ग्राहक मंचांनी मालकाच्या बाजूने कौल दिला, राष्ट्रीय आयोगाने तो फिरविला, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक असे ठरवून ४,९३,५०० रुपयांची भरपाई मान्य केली. अपघात आणि अंतिम निकाल यांत साडेआठ वर्षांहून अधिक काळ गेला. २०१८ मधील दुसऱ्या एका निकालात हेच तत्त्व उलट बाजूने लागू झाले होते. मोटार हातोहात विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचेच राहिले होते, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच आली.

या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे घेणाऱ्याची अडचण ध्यानात येते. ज्या पुस्तकावर त्याचा सारा हक्क अवलंबून, ते पुस्तक गाडीच्या अपघाताविषयी मूग गिळून बसते. तेव्हा बोलते करावयाचे ते दुसऱ्या कागदांना. विम्याच्या मागील तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागाव्यात. दावा न केल्याबद्दलची सवलत एखाद्या वर्षी एकाएकी शून्यावर आली असेल, तर त्या वर्षी काहीतरी घडले आहे. पॉलिसी मध्येच खंडित झालेली दिसली, तर संशय अधिक. अधिकृत कार्यशाळेतील नोंदी एका तारखेला थांबून पुढे गाडी दुसऱ्याच राज्यात प्रकट झाली असेल, तर त्या मधल्या महिन्यांचा हिशेब विचारावा. महाराष्ट्रातून आलेल्या गाडीला तेथील कचेरीचे ना हरकत पत्र हवेच, आणि नाव आपल्यावर चढेपर्यंत पूर्ण रक्कम हातची सोडू नये.

गाडी पाहावी ती दिवसा, आणि ओळखीच्या मिस्त्रीला सोबत घेऊन. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुराचा गाळ तेथे राहिलेला असतो, कारण तेथवर धुणाऱ्याचा हात जात नाही. जादा चाक उचलून त्याखालची जागा हाताने चाचपावी. काचांवरील वर्षांचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. किल्ली फिरविल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांनी विझला पाहिजे. तो मुळी लागतच नसेल, तर उडालेल्या पिशव्यांच्या जागी काहीच नसण्याचा संभव आहे. दिव्याची तार तोडण्याला नव्या पिशवीइतका खर्च येत नाही.

विकणारा प्रामाणिक असेल, तर तो पूर्वीचा अपघात स्वतःच सांगेल आणि किंमतही त्या मानाने धरील. असा व्यवहार उघड्या डोळ्यांनी करायला हरकत नाही. फक्त ही कबुली विक्रीच्या कागदावर लिहून घ्यावी, कारण उद्या ग्राहक आयोगापुढे जाण्याची पाळी आली तर तोंडी शब्दांचा फारसा उपयोग होत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी नोंदणी कार्यालयाकडून अधिकारपत्र घेण्याची पद्धत सुरू झाली आहे; ते त्याच्याकडे आहे काय, हेही विचारावे. २०२१ च्या नियमांनी भंगार गाड्या रीतसर मोडण्याची केंद्रे उभी राहू लागली, तेथे गाडी मोडल्याचे प्रमाणपत्रही मिळते. परंतु लिलावातला गिऱ्हाईक त्या केंद्राहून चार पैसे जास्त देतो तोवर सांगाडा केंद्राच्या दारापर्यंत न पोहोचता मिस्त्रीच्या अंगणातच उतरेल.