कंटेनरचा सातवा आकडा

पोरींनो, मायबापहो,

मी मुंबईच्या गोदीतला कामगार, मॅट्रिक. कंटेनर आले अन् गोदीतली माणसं घटली. त्या कंटेनरवर चार अक्षरं, सात आकडे. सातवा पहारेकरी! अक्षरांना ठरलेल्या किमती. पहिल्या दहा खुणांना १, २, ४, ८ असं दुपटीनं गुणायचं, बेरजेला ११ नं भागायचं. उरेल ती बाकी सातवा आकडा, बाकी १० आली तर शून्य. कारकून चुकला की मशीन बहुतेकदा लगेच पकडतं. पाढे येतात ना? मग कॉम्प्युटरला भ्यायचं काय कारण?

१९४६ ला अमेरिकेत एनिॲक मशीन लोकांपुढं आणलं. त्याचे प्रोग्राम सहा बायांचे. त्या दिवशी त्यांची साधी ओळखही करून दिली नाही. घ्या!

२०१६ पर्यंत ‘धारावी डायरी’तल्या पोरींनी मोबाइलवर ‘पाणी’ नावाचं ॲप केलं होतं, सार्वजनिक नळावर आपला नंबर आला की कळावं म्हणून. पाण्याची रांग कुणाला शिकवावी लागते? १९२७ ला महाडला आपण पाण्यासाठीच गेलो होतो.

पानमळ्यांच्या या अंजनगावात उन्हाळा म्हणजे लग्नसराई. या पंधरा दिवसांत पोरीला पाहुणे दाखवू नका. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, पाठवा. मशीनपुढं ती बसेल. भाऊ आला तर मागं उभा राहील.