अवतारांची पाठशाळा

'अवतार' हा आपल्या पुराणांतील शब्द आतां संगणकशास्त्रांतही रूढ झाला आहे. तेथें त्याचा अर्थ एवढाच, कीं पडद्यावरील कृत्रिम जगांत मनुष्याच्या वतीनें वावरणारी आकृति. सान फ्रान्सिस्को येथील लिंडन लॅब या कंपनीनें २००३ सालीं 'सेकंड लाइफ' नांवाचें असें एक जग लोकांस खुलें केलें. तेथील जमीन २५६ मीटर लांब व तितक्याच रुंद अशा चौरसांनीं मोजतात. तेथें जिंकावयाचा डाव नाहीं. घरें, बागा, वाहनें बहुतेक रहिवाशांनींच रचलेलीं.

शिक्षकांचें लक्ष या जगाकडे लौकरच वेधलें. अमेरिकेंतील टेक्सस वेस्लियन विद्यापीठानें तेथें 'जीनोम आयलंड' हें बेट वसविलें. मेंडेलनें वाटाण्यांवर केलेले आनुवंशिकतेचे प्रयोग तेथें विद्यार्थ्यांस स्वतः करून पाहतां येत.

परंतु दुसऱ्यानें रचलेल्या बागेंत हिंडणें निराळें आणि स्वतः कांहीं घडविणें निराळें. यासाठीं या जगाची स्वतंत्र आज्ञाभाषा आहे. तींतील लेखास 'स्क्रिप्ट' म्हणतात. नवी स्क्रिप्ट उघडली, कीं तींत अवतारास अभिवादन करणारी ओळ आयती असते. शिकणाऱ्यानें ती बदलून पाहावी. पुढचा धडा बहुधा दाराचा. स्पर्श झाला, ही घटना. दार उघडें कीं मिटलेलें, ही त्याची अवस्था. दहा सेकंदांनीं आपोआप मिटावें, हें घड्याळाचें काम. घटना, अवस्था आणि काल या तिहींचा मेळ बसला म्हणजे स्क्रिप्ट साधली.

मात्र पहिलें दार प्रायः फसतें. तें बिजागरीवर न फिरतां मध्यभागीं गरगरतें, कारण त्या जगांतील ठोकळा आपल्या केंद्राभोंवतींच फिरतो. मग ठोकळा दुप्पट रुंद करून अर्धा कापावयाचा, म्हणजे केंद्र दाराच्या कडेवर येतें. भूमितीचा हा धडा फळ्यावर शिकवावा लागत नाहीं. चुकलेलें दारच तो शिकवितें, आणि कोणी रागावतही नाहीं.

या विद्येचा खरा कस पुढें लागला. शिक्षणसंस्थांस कंपनी निम्म्या दरानें जमीन देत असे. ही सवलत जानेवारी २०११ पासून बंद होणार, असें तिनें २०१० च्या ऑक्टोबरांत जाहीर केलें. खर्च एकदम दुप्पट! २०१३ सालीं सवलत पुनः मिळाली खरी. पण दरम्यान अनेक संस्था 'ओपनसिम्युलेटर'कडे वळल्या होत्या. २००७ सालीं सुरू झालेली ही रचना विनामूल्य असून आपल्या स्वतःच्या संगणकावर चालवितां येते. ती बव्हंशीं तीच आज्ञाभाषा जाणते. म्हणून ज्यांनीं आपलें दार स्वतः लिहिलें होतें, त्यांस तो लेख उतरवून बरोबर नेतां आला. विकत घेतलेलें, स्क्रिप्ट झांकलेलें दार मात्र जुन्या जमिनीवरच राहिलें.

मूल पडद्यावरील जगांत तासन् तास रमलें, कीं तें खेळतें कीं शिकतें, असा प्रश्न घरोघर पडतो. वडीलधाऱ्यांनीं त्याच्याजवळ बसून एवढेंच विचारावें, "यांत तूं स्वतः केलेलें काय आहे? आणि तें कोणत्या ओळीनें हलतें, ती दाखीव पाहूं." मुलानें ती ओळ उत्साहानें दाखविली, तर त्यास आणखी थोडा वेळ बसूं द्यावें.