चारशेपैकी पाच



निकेलचे ४०० पंखे. त्यांतले फिरले पाच.

हे पंखे छताला टांगायचे नव्हेत. एकेकाची लांबी मिलिमीटरच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढी, आणि खाली मोटर म्हणून बसवलेलं एका जिवाणूचं प्रथिन. आपल्या पेशींत एटीपी नावाचं इंधन तयार करणारं जे यंत्र असतं, त्याच प्रकारच्या यंत्राचा हा एक भाग. तो उलटा चालवला, म्हणजे इंधन बनवण्याऐवजी त्याला इंधन खाऊ घातलं, की त्याचा मधला दांडा गरगर फिरतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कार्लो मॉन्टेमॅग्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दांड्यावर निकेलचा पंखा बसवला आणि २००० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रयोग प्रसिद्ध केला.

जैविक नॅनोतंत्रज्ञानाच्या सेमिनारमध्ये सादर करायला याहून चांगला शोधनिबंध मिळणं कठीण. विद्यार्थी चित्राची स्लाइड लावतो. खांब, त्यावर मोटर, वर पंखा; सगळं रंगीत आणि ऐटबाज. पाच-सहा मिनिटं तो त्या चित्रावरच रमतो. मग ‘४०० पैकी ५’ ही ओळ येते आणि तो ती पुटपुटल्यासारखी वाचून पुढे सरकतो. तिथेच मागच्या बाकावरून प्रश्न येतो. पाण्यात टाकलेला इतका बारीक कण तर नुसत्या रेणूंच्या धक्क्यांनीही हलतो. मग हे पाच मोटरीनं फिरले, हे कशावरून?

उत्तर निबंधातच आहे. एटीपी दिल्यावर पंखे फिरू लागले आणि सोडियम अझाइड हे त्या प्रथिनाला रोखणारं रसायन घातल्यावर थांबले. नुसत्या धक्क्यांनी हलणाऱ्या कणाला अझाइडचं काय सोयरसुतक? जो विद्यार्थी हे सांगतो, त्याचं सादरीकरण जमलं. ज्याला फक्त चित्र आठवतं, त्याचं फसलं.

या विषयात बोलणाऱ्याची खरी अडचण अशी, की ज्या वस्तूबद्दल तो बोलतो ती कोणीच डोळ्यांनी पाहिलेली नसते. डीएनएच्या गोफाची जाडी दोन नॅनोमीटर. दृश्य प्रकाशाच्या लहरीच मुळी चारशे ते सातशे नॅनोमीटर लांबीच्या. साध्या सूक्ष्मदर्शकात दिसणार काय? (रेडिओवर बोलणाऱ्याला हे दुखणं चांगलं कळतं. इथेही स्लाइड दाखवता येत नाही.)

जपानमध्ये हिरोयुकी नोजी या संशोधक-विद्यार्थ्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या अडचणीतून झकास वाट काढली होती. त्यांनी एटीपीवर फिरणारी तीच मोटर काचेवर घट्ट बसवली आणि फिरणाऱ्या दांड्याला चमकणारा ॲक्टिन प्रथिनाचा लांब तंतू चिकटवला. मोटर सुमारे १० नॅनोमीटरची, तंतू तिच्या शंभरपट आणि त्याहूनही लांब. मुंगीच्या पाठीवर उदबत्ती बांधावी तसा प्रकार! पण उदबत्ती दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू गोल फिरताना दिसला, तोही एकाच दिशेनं. हा निबंध १९९७ च्या मार्चमध्ये आला. मोटर फिरत असावी असं शास्त्रज्ञ पॉल बॉयर कधीपासून सांगत होते. त्याच वर्षी जॉन वॉकर आणि येन्स स्कू यांच्याबरोबर त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सेमिनारमध्ये चित्रफीत मात्र जपून दाखवावी. हार्वर्डसाठी २००६ साली तयार झालेल्या एका ॲनिमेशनमध्ये कायनेसिन नावाचं प्रथिन पाठीवर भलंमोठं गाठोडं घेऊन दोन पायांवर डौलात चालतं. वारीत निघाल्यासारखं शांत. सेमिनारमध्ये ती फीत लागली की वर्ग हमखास खूश होतो. पाऊल आठ नॅनोमीटरचं, हे खरं. ते १९९३ साली लेसरच्या चिमट्यानं मोजलेलं आहे. पण तो डौल खोटा. प्रत्यक्षात आजूबाजूला पाण्याच्या रेणूंची ऐन संध्याकाळच्या लोकलसारखी धक्काबुक्की चाललेली असते. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून ती सगळी गर्दी काढून टाकली आहे, आणि हे न सांगता फीत लावणारा विद्यार्थी पुढच्या प्रश्नात हमखास अडकतो.

विद्यार्थ्यांचा सगळ्यांत लाडका विषय मात्र डीएनए ओरिगामी. कॅलटेकच्या पॉल रॉथेमुंड यांनी २००६ साली ‘नेचर’मध्ये एकट्याच्या नावावर त्यावरचा निबंध छापला. त्यातला डीएनएचा हसरा चेहरा जगभर गाजला. युक्ती गोधडी घालणाऱ्या बाईला लगेच समजेल. जिवाणूंना लागण करणाऱ्या एका विषाणूचा ७,२४९ अक्षरांचा एकेरी डीएनए घ्यायचा. हा लांब दोरा. तो मागेपुढे घड्या घालत हव्या त्या आकारात बसवायचा आणि दोनशेहून जास्त छोट्या डीएनए तुकड्यांनी जागोजागी टाके घालायचे. फरक एवढाच, की सुई कोणाच्याच हातात नसते. सगळं मॅग्नेशियमच्या द्रावणात एकत्र करून ९५ अंशांपर्यंत तापवायचं आणि दोनेक तासांत थंड होऊ द्यायचं. डीएनएच्या अक्षरांपैकी ए समोर टी आणि जी समोर सी या नियमानं प्रत्येक टाका आपली जागा शोधतो. मग अभ्रकाच्या पापुद्र्यावर थेंब टाकून अतिसूक्ष्म सुईनं पृष्ठभाग चाचपायचा, की शंभर नॅनोमीटरचे हसरे चेहरे उमटतात. काही अर्धवट, काही दुमडलेले. रॉथेमुंड यांनी नीट जमलेल्या आकारांचं प्रमाणही निबंधात दिलं आहे. मुलं नेमकी तीच आकडेवारी गाळतात.

यानंतर वर्गात औषधाची गोष्ट निघतेच. २०१२ साली हार्वर्डच्या शॉन डग्लस, इडो बॅशलेट आणि जॉर्ज चर्च यांनी डीएनएचं कुलूपबंद पिंप बनवलं. ठरावीक पेशी भेटली की ते उघडतं आणि आतला माल तिच्यापुढे धरतं. ‘नॅनोरोबो’ हा शब्द आला की टाळ्या. पण प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर होता. शिवाय मॅग्नेशियम कमी पडलं तर डीएनएच्या ऋण भाराच्या पट्ट्या एकमेकींना ढकलू लागतात आणि रक्तातली विकरं तर डीएनए कुरतडायला टपलेलीच असतात. हे दोन प्रश्न परीक्षक विचारणार, हे गृहीत धरून यावं.

त्या मानानं बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातलं काम कमी झगमगीत आणि जास्त पक्कं वाटतं. यमुना कृष्णन यांच्या गटानं २००९ साली डीएनएचा एक छोटा चिमटा जिवंत पेशीत सोडला. आम्लता वाढली की तो मिटतो, कमी झाली की उघडतो आणि त्यावरच्या चमकत्या रंगांचं प्रमाण बदलतं. तो काही बरं करत नाही, कोणाला मारत नाही. पेशीच्या पोटातल्या पिशव्या किती आंबट आहेत, तेवढं सांगतो. पण सांगतो ते मोजता येतं.

पदवीच्या मुलांनी नुसतं दुसऱ्याचं वाचून दाखवू नये, स्वतः काही करावं, म्हणून पिंप बनवणाऱ्या डग्लस यांनीच २०११ साली हार्वर्डच्या ‘वीस इन्स्टिट्यूट’मध्ये ‘बायोमॉड’ ही स्पर्धा सुरू केली. उन्हाळाभर रेणूंची रचना करायची, ती घडवून पाहायची आणि शेवटी मंचावर उभं राहून सांगायची. उन्हाळा संपतो, पण कित्येकांचा आकार काही पूर्ण जुळत नाही. अशा वेळी रेणू वेगळे करणाऱ्या काळ्या जेलवरची एक फिकट पट्टी दाखवून ‘आम्ही इथवर आलो’ म्हणणाऱ्याचं बोलणं मला रंगीत पिंपांपेक्षा जास्त ऐकावंसं वाटतं.

तुमच्या जवळच्या विद्यापीठात असा सेमिनार लागला तर जरूर जा. दार सहसा उघडंच असतं. जागा मागे घ्या आणि चहाची वेळ झाली तरी प्रश्नोत्तरं संपेपर्यंत उठू नका.