नवजात बालकाची ऊब आणि निद्रा
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात कामठा येथे दिलेले भाषण)



समाजाच्या मेळाव्यात बोलावयाचे म्हणजे शिक्षण, हुंडा, शेती किंवा संघटना यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी आज जो विषय घेतला आहे तो पाळण्यातला आहे, आणि तो ऐकून पुरुष मंडळींपैकी काहींच्या ओठांवर हसू उमटलेले मला येथून दिसते. परंतु विचार करा. जन्मलेल्या मुलाला कशात गुंडाळावयाचे हे बहुधा सासूबाई ठरवितात, कापडाचे पैसे सासरे देतात आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवावयाची ती मुलगा पेटवितो. ज्या मातेच्या कुशीत ते मूल असते तिला मात्र कोणी विचारीत नाही. तेव्हा हा विषय केवळ बायकांचा आहे, असे म्हणून कोणास बाजूला होता येणार नाही.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, नवजात बालक म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. मातेच्या उदरात ते सुमारे ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत नऊ महिने वाढलेले असते. बाहेर येते ते ओलेचिंब. ते पाणी अंगावरून उडून जाताना देहाची उष्णता घेऊन जाते. थंड जमिनीवर किंवा थंड तराजूत ठेवले तर खालून जाते. दारातून वाऱ्याची झुळूक आली तर तिच्याबरोबर जाते. आणि जवळ गार भिंत असली तर स्पर्श न होताही तिच्याकडे जाते. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठा, आणि त्यातही डोके मोठे. आपण थंडीने कुडकुडतो व त्या कुडकुडण्यातून उष्णता उत्पन्न करतो. नवजात बालकाला ते साधत नाही. त्याच्या मानेभोवती व खांद्यांच्या मध्ये एक विशेष प्रकारची चरबी असते, ती जाळून ते ऊब मिळविते. अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या मुलाजवळ ही शिदोरीही थोडकीच असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ साली या विषयावर एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत म्हटले आहे की, २३ अंशांच्या खोलीत उघड्या ठेवलेल्या नवजात बालकाची जेवढी उष्णता जाते, तेवढी उघड्या मोठ्या माणसाची शून्य अंशाच्या थंडीत जाते. आपल्याला पंखा लावावासा वाटतो त्या हवेतही ते मूल गारठू शकते, हे ध्यानी घ्यावे.

आणि आपला मुलूख काही उबदार नव्हे. उन्हाळ्यात पूर्व विदर्भ तापतो म्हणून आपण थंडीला किरकोळ समजतो. पौष महिन्यात गोंदियाचा पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो, हे आपण दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतो. नागपुरास तर २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची नोंद झाली. धानाची मळणी चाललेली, घरातील सर्व माणसे खळ्यावर, आणि कौलारू घराच्या एका कोपऱ्यात ओलसर सारवणावर बाळंतीण, असा तो हंगाम.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या घरांतून एक समजूत फार खोल रुजलेली आहे. मूल जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी कपडा आणू नये, शिवू नये, त्याची वाच्यता करू नये, दृष्ट लागते. या समजुतीमागे दुःख आहे, हे मी जाणतो. ज्या काळी घरोघर तान्ही मुले दगावत, त्या काळी आधी शिवलेले झबले पेटीत तसेच राहून गेलेले ज्या मातेने पाहिले, तिने सुनेला हा निर्बंध घातला असेल, तर तिला हसण्याचे कारण नाही. परंतु या निर्बंधाचा परिणाम काय होतो तो पाहा. रात्री दोन वाजता कळा येतात, मूल जन्मते, आणि कोरडे फडके कोठे आहे म्हणून घरभर शोधाशोध सुरू होते. हाती लागते ते दांडीवरचे दमट लुगडे किंवा अंथरुणातली मळकी चादर. पूर्वी घरी बाळंतपण होई तेव्हा वार पडेपर्यंत मुलाकडे कोणी पाहत नसे आणि तोवर ते ओले, उघडे पडून राही. आता बहुतेक स्त्रिया रुग्णालयात बाळंत होतात. पण तेथेही घरच्या पिशवीत कपडा नसला तर परिचारिकेने तो कोठून आणावा? मृत्यूच्या भयाने पाळलेली रीत मृत्यूलाच दार उघडून देते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, सातवा महिना लागताच बाळंतविडा बांधून तयार असला पाहिजे. आपल्या भाषेत बाळंतविडा हा शब्द आहे. माहेरच्या माणसांनी झबले, टोपरे, कुंची, दुपटे प्रेमाने शिवून न्यावे, ही रीतही आहे. ती बारशापर्यंत थांबविण्याऐवजी दोन महिने अलीकडे आणावी, एवढेच मी मागतो.

नवे कोरे कापडच पाहिजे असे मात्र नाही. जुन्या सुती धोतराचे किंवा लुगड्याचे धुऊन धुऊन मऊ झालेले कापड नवजात कातडीला उत्तम. या बाबतीत आपल्या आज्यांचे शहाणपण पक्के होते. अट एवढीच की ते धुतलेले व उन्हात कडकडीत वाळविलेले असावे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात बालकाच्या अंथरुणा-पांघरुणाविषयी जे सांगितले आहे ते आजच्या परिचारिकेने सांगावे असे आहे. वस्त्रे मऊ, हलकी व स्वच्छ असावीत. घामाने, मळाने किंवा मलमूत्राने खराब झालेली टाकावीत. आणि दुसरी मिळण्यासारखी नसतील तर तीच नीट धुऊन, धुरी देऊन, वाळवून मग वापरावीत. गरिबाच्या घराचा विचारही त्या ग्रंथकाराने केला होता. (धुरीचे मात्र कापडापुरतेच ठेवावे. हल्ली मुलालाच धुरावर धरतात. त्याच्या कोवळ्या छातीला ते मुळीच सोसत नाही.)

एवढ्याशा गोष्टीने काय साधते, अशी शंका ज्यांना येईल त्यांनी शेजारी पाहावे. देवरी तालुका ओलांडला की गडचिरोली जिल्ह्याची हद्द लागते. त्या जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातलीच थोडीफार शिकलेली स्त्री निवडावयाची, तिला नवजात बालकाची शुश्रूषा शिकवावयाची, आणि तिने घरी जाऊन मूल तपासावयाचे. जन्मतःच श्वास न घेणाऱ्या मुलास साहाय्य, जंतुदोष झाल्यास औषध, अंगावरचे दूध, आणि ऊब, अशी ती शुश्रूषा होती. १९९३ ते १९९५ या काळात त्या गावांत जन्मणाऱ्या हजार मुलांमागे ६२ मुले पहिल्या महिन्यात दगावत. १९९७-९८ साली ही संख्या २५ च्या घरात आली, आणि ज्या गावांत प्रयोग नव्हता तेथे ती ६० च्या जवळपासच राहिली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकाने हे आकडे छापले. पुढे २०११ पासून हीच पद्धत भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांच्या हाती दिली. रुग्णालयात जन्मलेल्या मुलाकडेही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशा येते ती यामुळे. ती आली म्हणजे ओटीवरूनच ‘सर्व ठीक आहे’ असे सांगून तिला वाटेला लावू नका. तिच्या पिशवीत तापमापक व वजनकाटा असतो. तो वापरू द्या.

आता गुंडाळण्याविषयी. मूल जन्मताच कोरड्या कापडाने सर्वांग पुसावे, ते ओले कापड टाकून द्यावे, आणि मूल मातेच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दुसरे कोरडे कापड व डोक्याला टोपरे घालावे. मातेच्या देहासारखी शेगडी अद्याप कोणी बनविलेली नाही. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरी १९७८ साली उबपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी कमी वजनाची मुले मातांच्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. कांगारूच्या पिशवीवरून तिला नाव मिळाले, आणि आज आपल्या रुग्णालयांतही ती शुश्रूषा शिकवितात. पिता, आजी यांनाही ती करता येते. आजोबांनाही येते, हे मी मुद्दाम सांगतो. पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबवावी. जन्मतःच घंगाळात बसविण्याची घाई करू नये.

पुढील दिवसांत, आपण त्या हवेत जेवढे कपडे घालतो त्याहून एक किंवा दोन थर अधिक, हे माप पुरे. एका जाड गोधडीपेक्षा दोन-तीन पातळ थर अधिक ऊब देतात, कारण थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते. गोधडीखाली तणस अंथरल्याने शेतावर झोप का लागते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. थरांचा दुसरा लाभ असा की दुपारी एक काढता येतो. मूल गारठले आहे की नाही हे पाहण्यास हाताची उलटी बाजू त्याच्या पोटाला व तळपायाला लावावी. दोन्ही उबदार तर उत्तम. पोट उबदार व पाय गार असतील तर त्याला थंडी बाधू लागली आहे. तत्काळ छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील, मूल दूध ओढीत नसेल, तर छातीशी धरूनच रुग्णालय गाठावे. उलट मान घामेजलेली व छाती तापलेली लागली, तर कपडे जास्त झाले.

हात-पाय सरळ करून दुपट्यात काठीसारखे आवळून बांधण्याची जी रीत आहे, ती सोडावी. पाय सरळ बांधले म्हणजे मूल उंच होते, असे म्हणतात. त्यात तथ्य नाही. उदरात मुलाचे गुडघे पोटाशी असतात आणि खुब्याचा सांधा जन्मानंतर काही महिने कच्चा असतो. पाय ताणून बांधल्यास तो सांधा खोबणीतून सरकू शकतो. जपानातही तान्ह्या मुलांचे पाय असेच सरळ बांधीत. १९७५ च्या सुमारास तेथील वैद्यांनी देशभर माता व आज्यांना हे थांबविण्यास सांगितले, आणि खुबा निखळलेल्या मुलांची संख्या पुष्कळ घटली. आपल्याकडे लंगडणारी मुलगी शाळेत येते तेव्हा घरची माणसे तिच्या नशिबाला बोल लावतात, आणि पुढे लग्नाच्या बाजारात तो दोष तिच्याच पदरात पडतो. दुपटे खांद्यापासून छातीपर्यंत बेताने गुंडाळावे, छातीवर दोन बोटे आत जावीत; कमरेखाली ते इतके सैल असावे की बेडकासारखे पाय वर घेता व फाकविता यावेत. मूल कुशीवर वळू लागले की गुंडाळणे बंद.

झोपेसंबंधी एक नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. मूल प्रत्येक वेळी, दिवसा वा रात्री, उताणे निजवावे. इंग्लंडमध्ये १९९१ साली व अमेरिकेत १९९४ साली याचा देशव्यापी प्रचार झाला आणि झोपेत अकस्मात दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पालथे निजणे एरवीही धोक्याचे, मग गुंडाळलेले मूल पालथे झाले तर त्याला तोंड वळविण्यासही हात मोकळा नसतो. अंथरूण सपाट व घट्ट असावे. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात, ती नको. तोंडावर पदर वा गोधडी ओढू नये. ‘वारा लागतो’ म्हणून झाकलेले तोंड हाच खरा घात. लुगड्याच्या झोळीत मूल दुमडते, हनुवटी छातीला लागते आणि कापड नाकाशी मिटते. म्हणून रात्रभर झोळीत ठेवू नये, सपाट तळाचा पाळणा बरा. गळ्यात काळा दोरा नको. आपल्याकडे मूल आईजवळच निजते, आणि रात्री दूध पाजावयाचे तर तो शेजार सोयीचा आहे. पण मूल कमी वजनाचे असेल, घरात कोणी धूम्रपान करीत असेल वा मद्य पिऊन निजत असेल, तर एकाच खोलीत पण निराळ्या अंथरुणावर निजवावे. यासंबंधी समाजबांधवांनी माझ्यावर रागावू नये.

शेगडीचे काय? बाजेखाली निखारे ठेवून दारे-खिडक्या बंद करण्याची रीत अद्याप काही घरांत आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून एक वायू निघतो, त्याला ना रंग ना वास. त्याने मोठी माणसेही झोपेत गतप्राण झाली आहेत. खोली गरम करावयाची तर मूल व माता आत जाण्यापूर्वी करावी, निखारे बाहेर काढावेत आणि मगच दार लोटावे.

थंडीच्या दिवसांत रात्री पांघरूण लाथाडणाऱ्या किंवा कमी वजनाच्या मुलासाठी गडचिरोलीतील त्या कार्यकर्त्या एक उबदार पिशवी वापरीत. तशी साधी पिशवी घरीही शिवता येते. मऊ सुती कापडाचे दोन थर, मध्ये पातळ पिंजलेला कापूस, जुन्या गोधडीला घालतात तसे टाके. वरचे तोंड काखेपर्यंतच यावे, म्हणजे डोके आत घसरणार नाही. खांद्यांवर दोन रुंद पट्ट्या, नाडी मुळीच नको. तळाशी पाय फाकविता येतील एवढा घेर. आपल्या महिला मंडळाच्या भगिनींनी मनावर घेतल्यास एका दुपारी दोन पिशव्या होतील. त्या कोणाच्या घरी पहिल्यांदा द्यावयाच्या हे आशाताईंना विचारावे. कोणाचा सातवा महिना सरला आहे, याची यादी त्यांच्या वहीत असते.