आपल्या राज्याचा इतिहास आणि आपल्या घरची दप्तरे
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी व्याख्यात्याने आपल्या देवळाचा गौरव करावा, अशी सभेची अपेक्षा असते. ते कार्य माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. मला आज निराळ्याच गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. १ मे १९६० रोजी स्थापन झालेले हे जे आपले महाराष्ट्र राज्य, त्याचा इतिहास लिहिण्याच्या कामी आपणा वसईकर ख्रिस्ती लोकांचा हात कितीसा लागला आहे?

इतिहास ही पंडितांची मिरास होय, असा समज आपल्या लोकांत फार. परंतु महाराष्ट्रात तरी त्यास आधार नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती सामान्य नागरिकांसाठीच. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळीत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली बाहेर पडला, आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या साऱ्या इमारतीचा पाया कोणता म्हणाल, तर माळ्यावर कसर खात पडलेले घरगुती कागद!

आता वसईकडे वळू. १५३४ साली गुजराथच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांविषयी डॉ. गर्सन दा कुन्हा यांनी १८७६ साली ग्रंथ लिहिला. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे सरकारी गॅझेटियर निघाले. दोन्ही ग्रंथ मोलाचे खरे, पण दोन्ही इंग्रजीत. त्यांत वसईच्या माणसाचे वर्णन आहे. तो स्वतः मात्र बोलत नाही.

वसईच्या विजयानंतर येथील देवळांच्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवालयावर जी घंटा आहे, तिजवर १७२१ हा सन कोरलेला आहे. वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी टांगलेल्या घंटेवर तर बाळ येशूसह पवित्र मरियेची मूर्ती आहे. आपल्यांपैकी काही तरुणांस वाटते की, त्या घंटा परत मागाव्यात. मला हे मान्य नाही. तीन शतकांच्या सुमारास ज्या घंटेचा नाद कृष्णाकाठच्या लोकांनी ऐकला, ती त्यांचीही झाली. तथापि ती कोठून आली हे तेथील शाळेतल्या मुलास ठाऊक असावे, आणि ते सांगणारे आपण असावे, एवढा हक्क मी अवश्य मागेन.

आपण मराठीत उपरे आहोत काय? फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत, पण छपाई रोमन लिपीत. ते देवनागरीत छापले जाण्यास १९५६ साल उजाडावे लागले! आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते आपल्या वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो. याच धर्मगुरूंनी वसईच्या वाड्या, विहिरी व झाडे राखण्यासाठी हरित वसईच्या चळवळीचे पुढारपण केले. पाण्यासाठी भांडणे हेही नागरिकाचे कर्तव्य आहे, हे त्यांजपासून पुष्कळांनी शिकावे.

परंतु पुढारी होऊन गेले म्हणून आपले काम संपत नाही. आपल्या म्हाताऱ्या बायका लग्नाच्या मांडवात जी गाणी म्हणतात, ती आज किती मुलींस येतात? सामवेदी बोली आपले कुपारी लोक बोलतात, तशीच सामवेदी ब्राह्मणही बोलतात. धर्म दोन, घरची भाषा एक. महाराष्ट्राच्या इतिहासात असे उदाहरण सहज सापडणार नाही, आणि आपण मात्र मुलांशी ती बोली बोलण्यास लाजतो. जुने घर पाडून इमारत उभी राहते, तेव्हा पेटाऱ्यातील गहाणखते, शेताचे दाखले, बोटीवर गेलेल्या मुलाची पत्रे, सारे भंगारवाल्याच्या गाडीत जाते. इमारत पुन्हा बांधता येते हो!

म्हणून माझी सूचना साधी आहे. रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर दोन तास शाळेचा एक वर्ग या कामासाठी उघडा ठेवावा. ज्याच्या घरी कागद असेल त्याने तो आणावा; जिला गाणी येतात तिने ती म्हणून दाखवावी, आणि आमच्या कॉलेजातील मुलामुलींनी ती टिपून घ्यावीत. कोणाची गाणी, कोणत्या आळीची, कोणाकडून शिकली, हेही लिहावे. हिंदु शेजाऱ्यांसही बोलवावे. त्यांच्या पेटाऱ्यांत आपला, आणि आपल्या पेटाऱ्यांत त्यांचा इतिहास पडून आहे. मूळ कागद कोणाकडून घेऊन ठेवावयाचा नाही. त्याचे छायाचित्र घेऊन तो त्याच दिवशी घरधन्याच्या हाती परत दिला जाईल.